बाकाखालची घरघर

माहेरी तिला सगळे नाकमुरडीच म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलायचं, नाव अगदी शोभत होतं. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी नको, दुसऱ्याच्या उशीवर डोकं नको, बसमधली दांडी धरायची तर रुमालातून. आणि अशा बाईने पोटापाण्यासाठी निवडलं काय? तर लोकांचे कान तपासायचं काम! शिकताना तिला वाटलं होतं की सूर, यंत्रं, आलेख असं सगळं स्वच्छ, कोरडं काम असेल. मग नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांच्या कानातून कापसाचा जुनापुराणा बोळा निघाला. काळा, ओला, आणि वास असा की विचारू नका. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

दवाखाना साहेबांचा. दवाखाना म्हणायचं आपलं, होतं दुकानच. साहेब मोठे गोडबोले. गिऱ्हाइकाला हाताला धरून आत आणतील, पाणी देतील, पोराबाळांची चौकशी करतील, आणि कानाचं मशीन गळ्यात मारल्याशिवाय सोडणार नाहीत. त्यांच्या बाकीच्या सवयींबद्दल न बोललेलं बरं, पण बोलावंच लागेल. पेनच्या टोपणाने ते स्वतःचा कान कोरायचे, आणि विचारात पडले की तेच टोपण दातांत धरायचे. नाकमुरडीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सरळ उठून फुटपाथवर जाऊन उभी राहिली. बिस्किटं खायचे तीसुद्धा त्याच टेबलावर, जिथे मशीनला लावायचे, लोकांच्या कानातले साचे धुवायला ठेवलेले असत. "अगं, धुतलेत ते," असं म्हणायचे, तोंडात भुगा तसाच.

दुकानाच्या कोपऱ्यात तपासणीची लाकडी केबिन होती. आतून सगळीकडे काळा स्पंज, जाड दार, एक लहानशी काच. पेशंटने आत बाकावर बसायचं, हेडफोन घालायचे, आणि बारीकसा जरी सूर ऐकू आला तरी हातातलं बटण दाबायचं. ही बाहेर काचेपाशी बसून सूर सोडायची, हळूहळू बारीक करत न्यायची. ज्या सुराला बटण दाबलं जाणार नाही, तिथे कान कमी. बस, एवढीच परीक्षा. मागे दुकान नव्याने सजवलं तेव्हा कॉम्प्युटरचा डबा दर्शनी भागात वाईट दिसतो म्हणून साहेबांनी तो केबिनमध्ये, पेशंटच्या बाकाखाली ढकलला, पुढे फळी मारली आणि वायरी भिंतीतून बाहेर काढल्या. स्क्रीन आणि कीबोर्ड बाहेर, डबा आत. "काही शोभा नको का?" ते म्हणाले होते. तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

घरी तिच्या जिवाला वेगळा जाच होता, तो सासूचा. तसं बघितलं तर बाई साधी. घालूनपाडून बोलणारी नाही, कशात नाक खुपसणारी नाही. नात शाळेतून आली की तिला खाऊपिऊ घालायची, गोष्टी सांगायची, स्वयंपाकात हात लावायची. पण म्हातारी होती, आणि म्हाताऱ्या माणसाचं जे जे असतं ते सगळं तिच्यापाशी होतं. रात्री दात काढून बाथरूममधल्या वाटीत ठेवायची. सकाळी झोपेतून उठून नाकमुरडी तोंड धुवायला गेली की पाण्यात बुडालेलं ते गुलाबी हसू समोर! नाक पुसलेला रुमाल उशीखाली. जेवताना तोंडाचा मचमच आवाज. पीठ मळायला बसली की बोटातली अंगठी पिठात. हे सगळं नाकमुरडी दातओठ खाऊन सहन करायची.

मग ती बेलची भानगड झाली. छोटी शाळेतून आली, बेल वाजवून वाजवून थकली, पण आजी काही दार उघडेना. शेवटी शेजारणीने रडणाऱ्या पोरीला आपल्याकडे नेलं. संध्याकाळी विचारलं तर सासू म्हणाली, "अगं, मी आंघोळीला गेले होते, नळ सोडला होता. एरवी मला ऐकू येतं चांगलं."

आता कानाच्या धंद्यात एक गोष्ट सगळे पक्की धरून चालतात. ज्याला ऐकू येत नाही, तो प्रत्येक जण हेच म्हणतो. "मला चांगलं ऐकू येतं" हे शब्द निघाले की तपासणारा मनात समजून घेतो. साहेब तर म्हणायचे, जितकं ठासून सांगतील तितकं मोठं मशीन काढायचं. तेव्हा नाकमुरडीने सासूला दुकानात नेलं, आपल्या हाताने हेडफोन घातले, दार लावलं आणि तपासलं. खालचे, जाड सूर सगळे गेलेले! क्षणभर तिला नवल वाटलं, कारण म्हातारपणी आधी वरचे, बारीक सूर जातात. हे उलटंच होतं. पण अलीकडे पुष्कळांचे आलेख असेच उलटे येत होते, म्हणून तिने तो विचार झटकून टाकला.

सासू बाहेर येऊन म्हणाली, "आत काहीतरी घुंई घुंई करत होतं गं."

"कानात आवाज येतो," असं नाकमुरडीने नोंदवून घेतलं. तेही नेहमीचंच. ऐकू कमी येऊ लागलं की पुष्कळांच्या कानात आपोआप आवाज वाजायला लागतात.

मशीन घेतलं. सासूने ते थोडे दिवस घातलं, डोकं धरून बसली, "भांडं वाजलं तरी कपाळात घण बसतो," म्हणाली आणि डबीत ठेवून दिलं. झालं! मशीन डबीत म्हणजे आजीचे कानच डबीत, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. काही सांगायचं असलं तर कानाशी जाऊन ओरडायचं, नाहीतर तिच्या डोक्यावरून बोलायचं.

आणि नाकमुरडी बोलायची. रोज संध्याकाळी थोरल्या बहिणीला फोन, तोही स्वयंपाकघरातून, आणि सासू समोरच टेबलापाशी मटार सोलत बसलेली.

"अगं ताई, काय सांगू तुला! ते दात बघितले ना, की मला ओकारी येते. तिने पीठ मळलं असलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आणि जेवताना तो आवाज... शी! जवळ आली की वास. एकदाची जाऊ दे गं कुठेतरी. काय? हो, समोरच बसलीय. छे गं, तिला कुठलं ऐकू येतंय!"

सासू मान खाली घालून शेंगा सोलत राहायची.

त्याच सुमाराला म्हातारीचं वागणं जरा विचित्र झालं. दातांची वाटी तिने बाथरूममधून उचलून आपल्या खोलीत कपाटात नेऊन ठेवली. पीठ मळायचं सोडलं, हात दुखतात म्हणाली. ताट घेऊन खोलीत जेवायला लागली, तेही दार लोटून. साबणाने हात धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. "आता डोकंही फिरायला लागलंय वाटतं," असं नाकमुरडीने ताईला सांगितलं. नवऱ्याने आधी काचकूच केली, पण बहिऱ्या आणि भ्रमिष्ट होत चाललेल्या बाईच्या भरवशावर गॅस आणि लेकरू कसं सोडायचं, असं तिने विचारल्यावर तोही कबूल झाला. मग त्यांनी एक वृद्धाश्रम बघितला. बरा होता, उजेडाचा होता. येत्या रविवारी न्यायचं ठरलं. नवऱ्याने आईच्या कानाशी ओरडून तिला सांगितलं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. नाकमुरडीला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी कॉम्प्युटर मधेच बंद पडला. आत एक आजोबा हेडफोन घालून बसले होते, आणि इकडे स्क्रीन काळाठिक्कर. तिने आजोबांना बाहेर खुर्चीवर आणून बसवलं. साहेब एका बाईंना मशीन दाखवत होते. त्यांनी मान वळवून सांगितलं, "दार लावून घे आणि काय ते बघ. गिऱ्हाइकासमोर पसारा नको."

म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या स्पंजला लोकांच्या घामाचा, तेलाचा आणि ओल्या कपड्यांचा मिळून एक वास होता, म्हणून एरवी ती आत पाऊल ठेवायची तेही श्वास धरून. गुडघ्यावर बसून, फळीच्या फटीतून हात घालून तिने डब्याचं बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. सगळं शांत होतं. काय बिघडलं होतं ते बघावं म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि बंद केबिन हळूहळू तापायला लागली.

आधी बाकाखालून नुसती भुणभुण आली. मग घुंई. मग घर्र असा आवाज, जणू कोणी बाकाखाली बसून सारखं खाकरतंय आणि घशातला बेडका काही सुटत नाही.

तिने झटकन दार उघडलं. बाहेरची गार हवा आत आली आणि थोड्या वेळाने आवाज उतरला. दार लावलं, तसा पुन्हा चढला. पुन्हा उघडलं, पुन्हा उतरला. दार बंद असेपर्यंतच ही घरघर चालणार, आणि दार बंद असताना ती स्वतः कधीच आत नसायची. ती असायची बाहेर, जाड काचेपलीकडे. आवाज ऐकायचे ते फक्त बाकावर बसलेले लोक.

ती बाहेर आली आणि खुर्चीवरच्या आजोबांना विचारलं, "आजोबा, आत बसला होतात तेव्हा काही आवाज येत होता का हो?"

"येत होता की. ते घुंई घुंई," आजोबा म्हणाले. मग जरा घाबरून त्यांनी विचारलं, "का? त्यालाही बटण दाबायचं होतं का?"

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पंख्याच्या त्या जाड आवाजाखाली हेडफोनमधले जाड सूर बुडणारच! म्हणून सगळ्यांचे आलेख उलटे. आणि ज्यांनी ज्यांनी सांगितलं की आत आवाज येतो, त्यांच्या नावापुढे तिने आपल्या हाताने आणखी एक आजार लिहून ठेवला होता.

गिऱ्हाईक बाई जाताच तिने साहेबांना गाठलं. "साहेब, केबिनमध्ये पंख्याची घरघर आहे. केवढी आहे! तपासण्या सगळ्या त्यातच झाल्यात."

"पंखा आहे, पंखा आवाज करणारच," साहेब म्हणाले. "आणि मी लक्ष दिलं नाही असं समजू नकोस. मागे कुरकुरायला लागला होता तेव्हा मीच औषध केलं. फळीच्या फटीतून डब्याच्या जाळीत कानात घालायचे थेंब सोडले चांगले. मळ सुटतो ना त्याने, मऊ होतो. लगेच गप्प बसला!"

"पंख्यात कानातले थेंब घातलेत तुम्ही?"

"तेलच ते शेवटी," असं म्हणून साहेबांनी टोपण दातांत धरलं. चेहऱ्यावर कौतुक, स्वतःचंच.

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. तिने कॉम्प्युटर बंद केला, वायर उपटली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि फळी उचकटली. पहिली भेट मिळाली ती चॉकलेटच्या चिकट कागदांची. मग एका पोराचा मोजा, कडक झालेला. बाकाच्या खालच्या अंगाला कोणी चघळून चिकटवलेला च्युइंगगम. वापरलेले कापसाचे बोळे. अरे, ही काय कचराकुंडी आहे का! तिने तोंडाला रुमाल बांधला, हातमोज्यांवर आणखी हातमोजे चढवले आणि डबा ओढून उजेडात आणला.

डब्याची बाजू उघडली आणि तिला पहिली उबळ आली. आत सगळीकडे करड्या रंगाची गोधडी पसरली होती. धूळ होती, झडलेल्या स्पंजचा काळा चुरा होता, पण खरी गोधडी होती ती केसांची. काळे, पांढरे, रंगवलेले, आखूड, लांब, डोक्यावरचे, आणि कानातलेही असणारच. त्यात एक झुरळ पाय वर करून वाळलेलं, त्याचे पंख वेगळे पडलेले. आणि मधल्या पंख्यावर जे होतं ते बघून तर ती उठून बेसिनकडे पळालीच. साहेबांचे थेंब आणि ही सगळी धूळ मिळून पात्यांवर तपकिरी, चकचकीत, चिकट लगदा झाला होता. तो रंग ती ओळखत होती. रोज लोकांच्या कानांत तोच बघत होती. कॉम्प्युटरला मळ झाला होता, अगदी माणसासारखा, आणि तो साहेबांनीच घातला होता.

तोंड धुऊन ती परत आली. आता सोडायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

डब्यात पंखे बरेच. एक मागच्या जाळीला, एक वीज येते त्या पेटीत, एक मध्ये प्रोसेसरवर. नक्की कोण बोंबलतंय ते आधी कळायला हवं. तिने वायर लावून डबा उघडाच चालू केला, तापू दिला, आणि कापसाच्या काडीचं बोंड मागच्या पंख्याच्या मधोमध अलगद टेकवलं. पंखा थांबला, घरघर चालूच. सोडला. मग मधल्या पंख्याला बोंड टेकवलं आणि एकदम शांतता! उचललं, की घर्र. "सापडलास मेल्या," ती रुमालाच्या आत पुटपुटली.

पुन्हा वायर काढून तिने तो पंखा सोडवला. बोटाने फिरवून बघितला तर खरखर करत, डुलत, लगेच अडला. आतलं झिजलं होतं. त्याच्या खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा. त्या पट्ट्यांमधल्या फटी केसांनी गच्च भरल्या होत्या. उष्णता बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून बंद केबिनमध्ये पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा, आणि थेंबांच्या लगद्याने पातं एकीकडे जड झाल्यामुळे घरघरायचा; आज तर डबा तापून बंदच पडला होता. चिमट्याने तिने फटीतलं टोक धरून ओढलं, तर गोधडीचा अख्खा तुकडा एका दमात निघून हातात लोंबकळला. शी, शी, शी! तिने डोळे मिटून तो कचऱ्याच्या पिशवीत सोडला.

साचे झाडायचा ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा, स्पिरिट, कापूस, हे सगळं दुकानात होतंच. ज्या हातांनी कान साफ करायचे त्याच हातांनी तिने तो डबा कोपरा न कोपरा साफ केला. बाकीचे पंखे बोटाने घट्ट धरून पुसले, उगाच हवेने गरगरून बिघडायला नकोत. समोरच्या फुटपाथवरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून नवा पंखा आणि प्रोसेसर नि ठोकळ्याच्या मध्ये लावायच्या पेस्टची नळी आणली. प्रोसेसरवरची जुनी, वाळून खपली झालेली पेस्ट पुसली, नवी लावली, ठोकळा बसवला, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. आणि डबा परत बाकाखाली? नाव नको. तिने तो उचलला आणि साहेबांच्या काचेच्या टेबलावर, मशीनच्या शोभिवंत डब्यांच्या मधोमध आणून ठेवला.

मग ती केबिनमध्ये शिरली, बाकावर बसली आणि दार ओढून घेतलं. इतकी शांतता होती की स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाज तिला आला. केबिन ही अशी असायला हवी होती.

आजोबांना तिने पुन्हा तपासलं. जाड सूर सगळे परत आले. "आजोबा, तुम्हाला मशीन लागणार नाही. घरी जा आनंदाने," असं तिने साहेबांसमोरच सांगितलं.

आजोबा गेल्यावर साहेब हळूच जवळ आले. "झालं ते झालं. पण जुन्या लोकांना आता काही बोलू नकोस. मशीन घालून खुश आहेत ते. उगाच त्यांच्या मनात कशाला काही घालायचं?"

त्या तपकिरी लगद्याने आली नव्हती एवढी शिसारी तिला त्या गोड आवाजाने आली. "एकेकाला परत बोलवायचं आणि परत तपासायचं," ती म्हणाली. "फोन तुम्ही लावा नाहीतर मी लावते. आणि आधी ते टोपण काढा तोंडातून! किती दिवस सांगेन म्हणते, बघवत नाही मला."

साहेबांनी टोपण काढलं. ती फोनपाशी बसलीच, आणि दुकान बंद होईपर्यंत उठली नाही. पण ज्या एका माणसाला फोन करायची गरज नव्हती, ते माणूस घरी बॅग भरत होतं.

शनिवारी ती सासूला दुकानात घेऊन गेली. "उद्या तर जायचंय, आज कशाला तिला दगदग?" नवरा म्हणाला. "चूक माझ्याकडून झालीय, तपासू दे मला," एवढंच तिने त्याला सांगितलं. सासू केबिनमध्ये गेली, बाकावर बसली, हेडफोन नीट घातले.

नाकमुरडीने सूर सोडला. बटण दाबलं गेलं. आणखी बारीक केला. दाबलं गेलं. ती सूर उतरवत उतरवत अगदी तळाशी घेऊन गेली, जिथे तिने स्वतःही नुसत्या अंदाजाने बटण दाबलं असतं. काचेपलीकडे सासूचा अंगठा हलला. दुसरा कान, तसाच. वरचे सूर थोडे उतरले होते, पण ते त्या वयात कोणाचे उतरत नाहीत? तिला एवढा आनंद झाला की ती धावतच केबिनपाशी गेली आणि दार उघडलं.

"आई, तुमचे कान ठणठणीत आहेत! तुम्हाला सगळं ऐकू येतं!"

सासूने हेडफोन काढले. रुमालाची स्वच्छ घडी काढून ते दोन्ही बाजूंनी पुसले, पुन्हा पुसले, आणि मग तिच्या हातात दिले.

"हो," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना तुला."

नाकमुरडी हेडफोन घेऊन तशीच उभी राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. सगळं ऐकू येतं. सगळं. मटार सोलणारे ते हात, ती खाली घातलेली मान. कपाटात नेलेली वाटी. बंद केलेलं पीठ. लोटलेलं दार आणि आतलं एकटं ताट. धुतलेले आणि पुन्हा धुतलेले हात. हे म्हातारीला वेड लागलं म्हणून नव्हतं. हिने जे जे ताईला सांगितलं, ते ते म्हातारीने एकेक करून तिच्या वाटेतून बाजूला केलं होतं.

"आई... मी फोनवर..."

"असू दे गं."

"तुम्ही बोलला का नाहीत? एकदा तरी ओरडायचं माझ्यावर!"

सासूने बाकाच्या कडेवर हात टेकले. "आधी मला वाटलं, तपासणी सांगतेय तर असेलही कमी. तू एवढं शिकलेली. मग तू बोलायला लागलीस. मधेच म्हटलं असतं की अगं, मला ऐकू येतंय, तर तुला केवढं ओशाळवाणं झालं असतं. दुसऱ्या दिवशी म्हणायचं तर आणखीच अवघड. मग म्हटलं, राहू दे बहिरीच."

"तुम्ही कुठेही जायचं नाही," नाकमुरडी रडायलाच लागली. "मी आत्ता आश्रमात फोन करून नाही म्हणून सांगते. चुकले मी, आई. पाया पडते तुमच्या."

"नको सांगूस. मी जाणार आहे." सासूचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून तो ऐकणं जास्त कठीण होतं. "तू वाईट नाहीस. तुला सहनच होत नाही, त्याला तू तरी काय करशील? पण आता तुझ्या घरात घास चावताना मला भीती वाटते, आवाज होईल म्हणून. पोरीला जवळ घेताना वाटतं, वास येत असेल. तिथे बरं आहे. तिथे सगळ्यांचेच दात वाटीत असतात."

रविवारी सकाळी नवरा आईपुढे बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की आता कारणच उरलं नाही, मग कशाला जायचं? आईने त्याला खरं कारण सांगितलं नाही. "मला जरा बरोबरीच्या माणसांत राहू दे रे," एवढंच ती म्हणत राहिली. छोटी आजीच्या मांडीवर तोंड खुपसून बसली होती.

नाकमुरडीने सासूचं कपाट उघडलं, मागे लपवलेली वाटी काढली आणि बाथरूममध्ये नेली. हातमोजे घातले नाहीत. वाटीला आतून बुळबुळीत कड धरली होती, ती तिने बोटाने घासली, साबण लावला, पुन्हा घासली. किळस काही अशी एका रात्रीत जात नाही. तिने नळ बंद केला, वाटी पुसली, आणि घशाशी आलेली उबळ अगदी हळू, ओठ घट्ट मिटून, आतल्या आत गिळली.

पलीकडच्या खोलीतून सासूचा आवाज आला, "राहू दे गं ते. मी घेईन धुऊन."